बेटावरच्या नेत्याचे चरित्र कसे लिहावे : नौरूचे हॅमर डीरॉबर्ट

पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या राजकीय नेत्यांविषयी जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा पदांच्या यादीवर येऊन थांबते. जन्म, शिक्षण, पहिले पद, शेवटचे पद आणि निधन एवढे क्रमाने मांडले की चरित्र पुरे झाले असे लेखकाला वाटते. मोठ्या देशातल्या नेत्याच्या बाबतीत वाचकाला तिथले पक्ष, निवडणुका आणि विचारप्रवाह आधीपासून ठाऊक असतात, त्यामुळे नुसती यादीसुद्धा त्याला काही सांगून जाते. काही हजार वस्तीच्या बेटावर मात्र पक्ष नसतात किंवा नावापुरते असतात, सभागृहात जेमतेम दीड डझन माणसे बसतात, आणि नेत्याच्या आयुष्यातले खरे प्रश्न जमीन, स्थलांतर व परकीय प्रशासन यांच्याशी जोडलेले असतात. अशा नेत्याचे चरित्र कसे उभे करावे हे एका उदाहरणावरून दाखवण्याचा या लेखाचा हेतू आहे. उदाहरण आहे नौरूचे पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट यांचे. या कामाचा पाया असलेली एक गोष्ट आधीच सांगतो : आधी जमिनीचा इतिहास लिहावा, पदांचा त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की डीरॉबर्ट यांचा कोणताही मोठा निर्णय वाचकाला कळत नाही.

जमिनीपासून सुरुवात

नौरू हे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे एकटे बेट आहे. त्याला अधिकृत राजधानी नाही. संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन या जिल्ह्यात आहेत. किनाऱ्यालगत राहण्याजोग्या, झाडे असलेल्या जमिनीचा अरुंद पट्टा आहे, आणि त्याच्या आत उंचावर बेटाचा मधला पठारी भाग. या मधल्या भागात उत्तम प्रतीचे फॉस्फेट, म्हणजे खतासाठी लागणारे खनिज, होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे उत्खनन सुरू झाले तेव्हा बेट जर्मनीच्या ताब्यात होते. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने ते घेतले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) मँडेट व्यवस्थेखाली, म्हणजे पराभूत देशांच्या वसाहती इतर देशांकडे सोपवण्याच्या व्यवस्थेखाली, त्याचा कारभार ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन देशांकडे आला, प्रत्यक्ष प्रशासन ऑस्ट्रेलियाने पाहिले, आणि फॉस्फेटचा व्यवहार याच तिघांनी नेमलेल्या ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सच्या हाती गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मँडेटच्या जागी संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त व्यवस्था आली, पण खाणीचा धनी बदलला नाही.

एवढी माहिती चरित्राच्या पहिल्या तीन-चार परिच्छेदांत आली पाहिजे, आणि तिच्यासोबत उत्खनन कसे चाले याचे नेमके वर्णनही आले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या राजकारणाचे मूळ तिथे आहे. नौरूचे फॉस्फेट प्रवाळजन्य चुनखडीच्या उंच सुळक्यांच्या मधल्या खळग्यांत साठलेले होते. वरची झाडे आणि माती काढून टाकायची, सुळक्यांमधले फॉस्फेट उपसायचे, आणि ते संपले की पुढे सरकायचे, अशी पद्धत होती. मागे उरत ते उघडे, टोकदार, पांढरट-करडे सुळके. त्या जमिनीवर घर बांधता येत नाही, काही पिकवता येत नाही आणि सरळ चालताही येत नाही. उपसलेला माल रेल्वेने किनाऱ्यावर येई, वाळवला जाई आणि समुद्रावर पुढे झेपावलेल्या लोखंडी सांगाड्यावरच्या पट्ट्यांवरून जहाजात पडे, कारण बेटाला नैसर्गिक बंदर नाही. हे फॉस्फेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतीसाठी जागतिक भावापेक्षा कमी दराने जात असे. ज्यांच्या जमिनीतून ते निघे त्या नौरूवासीयांना सुरुवातीला टनामागे केवळ अर्धा पेनी रॉयल्टी मिळे. पुढे ती वाढत गेली, पण मालाच्या खऱ्या किमतीच्या मानाने ती कायम अल्पच राहिली.

जमीन कोणाच्या मालकीची होती हेही सांगावे. नौरूवर जमीन कुटुंबांच्या मालकीची असते आणि वारशाने तिचे तुकडे पडत जातात, त्यामुळे एकाच लहान तुकड्यावर अनेकांचा हक्क असू शकतो. फॉस्फेटचा प्रश्न म्हणूनच तिथे कधीही निव्वळ सरकारी तिजोरीचा प्रश्न नव्हता. तो घराघरातला प्रश्न होता. डीरॉबर्ट वाटाघाटींना बसत तेव्हा बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचे काही ना काही त्या टेबलावर असे. हे वाक्य चरित्रात कुठे ना कुठे यायलाच हवे.

बालपण थोडक्यात, युद्ध सविस्तर

डीरॉबर्ट यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी नौरूवर झाला. त्यांचे पुढचे शिक्षण ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे झाले आणि परतल्यावर ते शिक्षक झाले. या भागासाठी एक परिच्छेद पुरतो. बेटावरच्या नेत्यांच्या बालपणाविषयी खात्रीलायक माहिती फार कमी सापडते, आणि ती पोकळी 'लहानपणापासूनच त्यांच्यात नेतृत्वाचे गुण दिसत होते' अशा वाक्यांनी भरण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्या काळात बेटाबाहेर जाऊन शिकून आलेली माणसे मोजकीच होती, आणि म्हणून इंग्रजीत पत्रव्यवहार करू शकणारा, प्रशासनाच्या कागदांचा अर्थ लावू शकणारा तरुण शिक्षक समाजाला किती मोलाचा होता, एवढे सांगितले तरी व्यक्ती उभी राहते.

युद्धाला मात्र भरपूर जागा द्यावी. जपानने ऑगस्ट १९४२ मध्ये नौरू व्यापले. १९४३ मध्ये सुमारे १२०० नौरूवासीयांना सक्तीने उचलून कॅरोलाइन बेटांतील ट्रुक येथे, म्हणजे आजच्या चूक येथे, मजुरीसाठी नेण्यात आले. डीरॉबर्ट त्यांच्यात होते. त्याच वर्षी बेटावरच्या ३९ कुष्ठरोग्यांना एका होडीत बसवून समुद्रात नेले आणि होडी बुडवून ठार मारले गेले. ट्रुकवर उपासमार, रोगराई आणि बॉम्बवर्षाव यांनी शेकडो माणसे मेली. जे वाचले, ते ३१ जानेवारी १९४६ रोजी जहाजाने नौरूला परतले. परतणाऱ्यांची संख्या होती ७३७.

इथे लेखकाने एक पथ्य पाळावे. डीरॉबर्ट यांनी ट्रुकवर स्वतः काय भोगले, काय पाहिले, त्यांना रात्री काय वाटत असे, याची कल्पित वर्णने करू नयेत. त्यांची गरजच नाही. बाराशेंपैकी ७३७ हा आकडा लिहावा आणि त्याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवावी. नौरूवासीयांची संख्या रोगराईमुळे घटत गेली होती, आणि १५०० पेक्षा कमी झाल्यास समाज टिकणार नाही अशी धास्ती होती. १९३२ मध्ये ती १५०० वर पोहोचली तेव्हा बेटाने तो दिवस सण म्हणून साजरा केला. अंगाम नावाचा हा सण आजही २६ ऑक्टोबरला पाळला जातो. युद्धाने ती संख्या पुन्हा खाली ओढली आणि १५०० चा टप्पा पुन्हा गाठायला १९४९ साल उजाडले. आपला समाज संपूनही जाऊ शकतो, हे त्या पिढीने आकड्यांत मोजून पाहिले होते. पुढे पुनर्वसनाच्या प्रस्तावांवर डीरॉबर्ट इतके ताठर का राहिले, याचे उत्तर वाचकाला इथेच मिळते, आणि लेखकाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परिषद, हेड चीफ आणि पुनर्वसनाचा प्रस्ताव

१९५१ मध्ये नौरू स्थानिक शासन परिषद अस्तित्वात आली. तिच्यापूर्वीच्या सरदारांच्या परिषदेला केवळ सल्ला देण्यापुरता अधिकार होता, आणि नव्या परिषदेचेही अधिकार मर्यादितच होते. डीरॉबर्ट १९५५ मध्ये परिषदेवर निवडून आले आणि १९५६ मध्ये तिचे हेड चीफ झाले. या पदाच्या नावावरून वाचकाच्या डोळ्यांपुढे पिसांचा मुकुट घातलेला वंशपरंपरागत सरदार येण्याचा धोका असतो, म्हणून हे निवडून आलेल्या परिषदेचे अध्यक्षपद होते हे त्याच वाक्यात स्पष्ट करावे. तसेच १९६८ पूर्वीच्या घटना सांगताना त्यांना राष्ट्राध्यक्ष म्हणू नये. ही चूक वारंवार दिसते आणि तिच्यामुळे कालक्रम पार बिघडतो.

यानंतर चरित्रातला सर्वांत नाजूक भाग येतो : पुनर्वसन. फॉस्फेट काही दशकांत संपणार हे उघड होते, आणि संपल्यावर बेटावर राहण्याजोगे काय उरेल हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांतही विचारला जाऊ लागला होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियाने संपूर्ण नौरू समाजाला दुसरीकडे वसवण्याचा विचार पुढे आणला आणि क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचे कर्टिस बेट देऊ केले. १९६४ मध्ये नौरूवासीयांनी तो प्रस्ताव नाकारला.

घाईत लिहिलेल्या लेखांत हा प्रसंग 'उदार प्रस्ताव आणि हट्टी नकार' अशा रूपात येतो, आणि मला ते अन्यायाचे वाटते. डीरॉबर्ट आणि त्यांचे सहकारी जागेबद्दल बोलायला तयार होते. कर्टिस बेटाचा गांभीर्याने विचार झाला होता. अडले ते सार्वभौमत्वावर. नौरूवासीयांना नव्या बेटावर स्वतःचे सरकार आणि स्वतःची ओळख हवी होती, तर ऑस्ट्रेलियाच्या प्रस्तावात त्यांना ऑस्ट्रेलियाचे नागरिक होऊन स्थानिक परिषदेपुरते अधिकार मिळणार होते. जो समाज अठरा वर्षांपूर्वी ७३७ माणसे घेऊन घरी परतला होता, तो मोठ्या देशात विरघळून जायला कबूल होईल ही अपेक्षाच चुकीची होती. लेखकाने दोन्ही बाजू काय मागत होत्या ते शेजारी शेजारी लिहावे आणि मगच नकाराची तारीख द्यावी. 'नाकारला' हे क्रियापद कारणाआधी आले की वाचकाचे मत तिथेच बनते.

स्वातंत्र्य आणि एक किचकट कालखंड

पुनर्वसन फिसकटल्यावर सारा जोर दोन मागण्यांवर आला : फॉस्फेटची मालकी आणि पूर्ण स्वातंत्र्य. ऑस्ट्रेलियाला परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण आपल्याकडे ठेवणारी व्यवस्था चालली असती. डीरॉबर्ट यांनी ती मानली नाही. १९६६ मध्ये विधान परिषद निवडली गेली, १९६७ मध्ये फॉस्फेट उद्योग नौरूच्या ताब्यात देण्याचा करार झाला, आणि १ जुलै १९७० पासून नौरू फॉस्फेट कॉर्पोरेशनने तो प्रत्यक्ष चालवायला घेतला. यंत्रसामग्री आणि मालमत्तेसाठी नौरूने सुमारे २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. स्वतःच्या जमिनीतला माल काढण्याची साधने त्यांना विकत घ्यावी लागली, हे लेखकाने निःसंकोच लिहावे. ती वस्तुस्थिती आहे.

(पैशांबद्दल एक व्यावहारिक सूचना. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी १९६६ मध्ये पौंड सोडून डॉलर घेतला, आणि नौरूवर तेच चलन चालते. त्याआधीचे आकडे पौंडात आणि नंतरचे डॉलरमध्ये द्यावेत, दोन्हींची सरमिसळ करू नये, आणि आजच्या किमतीत रूपांतर करून वाचकाला चकित करण्याचा प्रयत्न करू नये. दशलक्षांचे लाख-कोटी करताना शून्ये दोनदा मोजावीत.)

स्वातंत्र्याचा दिवस म्हणून ३१ जानेवारी १९६८ हा दिवस ठरला. ट्रुकहून परतण्याला त्या दिवशी २२ वर्षे पूर्ण होत होती, आणि म्हणूनच ती तारीख निवडली होती. ज्या चरित्रात युद्धाचा भाग नीट लिहिला आहे, त्यात या ठिकाणी एक वाक्य पुरते.

इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. ३१ जानेवारीला डीरॉबर्ट लगेच राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत. आधी एक हंगामी राज्य परिषद नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष होते. संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले ते मे १९६८ मध्ये. बहुतेक संक्षिप्त नोंदींत हे साडेतीन महिने गिळले जातात. तसेच नौरूच्या राष्ट्राध्यक्षपदाचे स्वरूपही सांगून टाकावे. तिथे जनता थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाही. संसद आपल्याच सदस्यांतून एकाला निवडते, आणि तो राष्ट्रप्रमुखही असतो व सरकारचा प्रमुखही. डीरॉबर्ट यांच्या काळात संसदेत १८ सदस्य होते. म्हणजे दोन-तीन सदस्यांनी बाजू बदलली की सरकार कोसळू शकत असे. हे आधी कळले नाही, तर १९७६ ते १९८९ या काळातली सत्तांतरे वाचकाला निव्वळ गोंधळ वाटतील.

राज्यघटनेतले कलम ८३ तर चरित्रकाराने स्वतः उघडून वाचावे. १ जुलै १९६७ पूर्वी ज्या जमिनीतून फॉस्फेट काढले गेले, ती पूर्ववत करण्याची जबाबदारी नौरू सरकारवर नाही, असे त्यात लिहिले आहे. घटनेत असले वाक्य सहजासहजी येत नाही. ती जबाबदारी ज्यांनी खणले त्यांची आहे, ही भूमिका देशाच्या जन्माच्या वेळीच कायद्यात कोरून ठेवलेली होती. डीरॉबर्ट यांच्या राजकारणाचा सर्वांत टिकाऊ धागा मला इथे दिसतो.

सत्तेची वर्षे : पदे लवकर आटोपावीत

डीरॉबर्ट डिसेंबर १९७६ पर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिले. त्या वेळी बर्नार्ड डोवियोगो यांच्याभोवती जमलेल्या तरुण सदस्यांच्या गटाने सत्ता घेतली. हा गट नौरू पार्टी म्हणून ओळखला गेला, पण शिस्तबद्ध पक्ष असे त्याचे रूप नव्हते. एप्रिल १९७८ पासून लागुमोट हॅरिस काही आठवडे राष्ट्राध्यक्ष होते, आणि मे १९७८ मध्ये डीरॉबर्ट परत आले. १९८६ च्या सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये केन्नान अडेआंग यांनी दोनदा अल्पकाळ पद सांभाळले आणि दोन्ही वेळा डीरॉबर्ट परतले. ऑगस्ट १९८९ मध्ये अविश्वास ठरावाने त्यांची सत्ता अखेरची गेली आणि केनास आरोई राष्ट्राध्यक्ष झाले. एवढे सारे एका परिच्छेदात बसते, आणि ते तेवढेच ठेवावे. प्रत्येक फेरबदलाला स्वतंत्र उपशीर्षक दिले तर लेख फुगतो आणि वाचकाच्या हाती काही लागत नाही.

जास्त जागा द्यायची ती त्या वर्षांत पैसा कसा वापरला गेला याला. फॉस्फेटच्या उत्पन्नातून मोफत शिक्षण आणि आरोग्यसेवा दिली गेली, प्राप्तिकर नव्हता, फॉस्फेट संपल्यानंतरच्या दिवसांसाठी विश्वस्त निधी उभारले गेले. राष्ट्रीय जहाजसेवा आणि एअर नौरू ही विमानसेवा सुरू झाली. मेलबर्नमध्ये नौरू हाउस ही ५२ मजली इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली, आणि तेव्हा ती त्या शहरातल्या सर्वांत उंच इमारतींपैकी होती. या गुंतवणुकींवर मत द्यायला हरकत नाही. विमानसेवा बेटाच्या मानाने अवाढव्य होती आणि तोट्यात चालत होती, असे माझे मत आहे. पण मत देताना एक गोष्ट तपासावी : जो निर्णय आपण डीरॉबर्ट यांच्या माथी मारतो, तो खरोखर त्यांच्या काळातला आहे का?

नौरूविषयी जगभर जे किस्से सांगितले जातात, त्यांतले अनेक त्यांच्यानंतरचे आहेत. लंडनमधल्या एका संगीत नाटकात नौरूचा पैसा बुडाला ते साल १९९३. ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्यांसाठी बेटावर स्थानबद्धता केंद्र उघडले ते २००१ मध्ये. पैशांच्या अवैध व्यवहारांसाठी बदनाम झालेल्या परदेशी बँकांचा गाजावाजा १९९० च्या दशकात झाला. डीरॉबर्ट १९८९ मध्ये पायउतार झाले आणि १९९२ मध्ये वारले. नंतरच्या पडझडीची बीजे त्यांच्या काळात पेरली गेली का, हा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारावा. पण नंतरची पडझड आधी सांगून मग त्यांचे आयुष्य त्या चष्म्यातून मागे पाहत जाण्याची पद्धत चरित्रलेखनाला घातक आहे. मोठ्या देशातल्या नेत्यावर असा अन्याय झाला तर शंभर लेखक उठून दुरुस्ती करतात. बारा-पंधरा हजार वस्तीच्या देशाच्या वतीने ती कोण करणार? म्हणून लेखकाची जबाबदारी इथे अधिक आहे.

आरोपांबाबतही हीच काळजी घ्यावी. १९७८ मध्ये ग्वाममधील एका वृत्तपत्राने डीरॉबर्ट यांचा मार्शल बेटांतील एका फुटीर गटाला दिलेल्या बेकायदा कर्जाशी संबंध जोडला, आणि त्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात बदनामीचा दावा लावला, जो अनेक वर्षे चालला. असे प्रकरण लिहिताना बातमीत काय म्हटले होते, दाव्यात काय म्हटले होते आणि न्यायालयाने कोणत्या मुद्द्यावर काय ठरवले, हे तीन वेगळ्या वाक्यांत लिहावे. एकाच वाक्यात कोंबले की आरोपच निष्कर्ष बनून बसतो.

न्यायालयाच्या कागदांत चरित्र कसे शोधावे

बेटावरच्या नेत्यांची खासगी कागदपत्रे सहसा मिळत नाहीत. वृत्तपत्रेही तुरळक असतात. पण डीरॉबर्ट यांच्या बाबतीत एक असाधारण साधन उपलब्ध आहे : हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातील नौरू विरुद्ध ऑस्ट्रेलिया हा खटला. नौरूने तो मे १९८९ मध्ये, म्हणजे डीरॉबर्ट यांची सत्ता जाण्याच्या तीन महिने आधी दाखल केला. त्यापूर्वी त्यांच्या सरकारने क्रिस्टोफर वीरमंत्री या श्रीलंकेच्या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखाली, खणलेल्या जमिनीच्या पुनर्भरणाबाबत चौकशी आयोग नेमला होता. खटल्याची लेखी निवेदने आणि निकाल सर्वांना वाचायला खुले आहेत.

हे कागद कायदेशीर भाषेतले आहेत म्हणून लेखक त्यांच्याकडे वळत नाहीत, आणि तिथेच मोठी संधी हुकते. उदाहरणच पाहू. ऑस्ट्रेलियाचा एक आक्षेप होता की नौरूने दावा करायला फार उशीर केला. त्याला उत्तर देताना न्यायालयाने नौरूने हा विषय केव्हा केव्हा काढला होता याची उजळणी केली, आणि ती उजळणी म्हणजे डीरॉबर्ट यांच्या वीस वर्षांच्या चिकाटीचा आराखडाच आहे. डिसेंबर १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला एक वर्षही झालेले नसताना, नौरूच्या राष्ट्राध्यक्षांनी ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले. ४ फेब्रुवारी १९६९ रोजी नकारार्थी उत्तर आले. ६ ऑक्टोबर १९८३ रोजी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना पुन्हा विचार करण्याची विनंती केली. १४ मार्च १९८४ रोजी पुन्हा नकार आला. या चार तारखा एकाखाली एक लिहून समोर ठेवाव्यात आणि प्रत्येकीच्या शेजारी त्या वेळी डीरॉबर्ट कोणत्या पदावर होते, फॉस्फेटचा साठा किती उरला होता, संसदेत त्यांची बाजू किती भक्कम होती, याची टिपणे काढावीत. पहिले पत्र उद्योग अजून हाती यायचा होता तेव्हाचे आहे. दुसरे, एकदा सत्ता गमावून परत मिळवलेल्या अनुभवी माणसाचे आहे. पहिल्या पत्रापासून खटल्यापर्यंत सरकारे बदलली, मागणी बदलली नाही. चरित्रातला एखादा संपूर्ण विभाग या चार तारखांवर उभा राहू शकतो.

२६ जून १९९२ रोजी न्यायालयाने प्राथमिक आक्षेपांवर निकाल दिला आणि विलंबाचा आक्षेप फेटाळून खटला पुढे चालवण्याचा मार्ग मोकळा केला.

बाकीची साधने आणि त्यांची एक मर्यादा

संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळाची कार्यवृत्ते, तिथल्या भेट-मंडळांचे अहवाल, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील फायली आणि पॅसिफिक आयलंड्स मंथली या मासिकाचे जुने अंक, जे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत, ही साधने चरित्रासाठी वापरावीत. मात्र यांतली बहुतेक कागदपत्रे प्रशासन चालवणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यांत डीरॉबर्ट 'कठीण', 'अडवणूक करणारे' अशा रंगात दिसले, तर तो रंग लिहिणाऱ्याचाही असू शकतो. जिथे नौरूचे प्रतिनिधी स्वतः मंडळासमोर बोलले, तिथली कार्यवृत्ते आधी वाचावीत, आणि अधिकाऱ्यांची टिपणे त्यानंतर. क्रम उलटा केला, तर नकळत अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी नेता दिसू लागतो, आणि तो चष्मा नंतर उतरत नाही.

उद्गार अवतरणात द्यायचा असेल तर मूळ कार्यवृत्तात किंवा त्या दिवसाच्या बातमीत तो शब्दशः सापडला पाहिजे. सापडला नाही तर त्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. अनुवादित उद्गाराला अवतरणचिन्हे लावताना तो अनुवाद आपला आहे हेही कळू द्यावे.

प्रादेशिक राजकारणातले त्यांचे काम विसरले जाण्याची शक्यता असते, म्हणून त्याची नोंद करावी. १९७१ मध्ये वेलिंग्टनला साउथ पॅसिफिक फोरमची पहिली बैठक झाली, तेव्हा नौरू संस्थापक सदस्यांत होते. १९८२ मध्ये मासेमारीच्या हक्कांबाबत शेजारी बेटांनी एकत्र येऊन केलेला करार नौरूच्याच नावाने ओळखला जातो. परकीय जहाजांनी बेटांना एकेकटे गाठून सौदा करू नये हा त्यामागचा विचार. फॉस्फेटच्या अनुभवातून आलेले शहाणपण त्यात दिसते असे मी मानतो, आणि हा दुवा चरित्रात लेखकाने आपले अनुमान म्हणूनच मांडावा.

शेवटचा परिच्छेद

डीरॉबर्ट यांचे निधन १५ जुलै १९९२ रोजी मेलबर्नमध्ये झाले. हेगचा निकाल लागून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. यानंतर खटल्याचे काय झाले ते सांगणे चरित्रकाराचे काम आहे, कारण तो त्यांच्या राजकीय आयुष्याचाच भाग आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने न्यायालयाबाहेर तडजोड केली आणि एकूण १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले : ५ कोटी ७० लाख रोख आणि उरलेले ५ कोटी वीस वर्षांत हप्त्याने. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा ऑस्ट्रेलियाला दिला. तिन्ही देशांची नावे द्यावीत, कारण खटला एकट्या ऑस्ट्रेलियावर असला तरी फॉस्फेट तिघांनी नेले होते. पैसे आल्यावरही सुळक्यांचा बहुतांश भाग तसाच राहिला, हे एका वाक्यात नोंदवावे आणि त्याचे श्रेय किंवा दोष त्यांच्या खात्यात टाकू नये. तडजोड झाली तेव्हा ते हयात नव्हते आणि पैसा कसा खर्चायचा हे नंतरच्या सरकारांनी ठरवले.

लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी तारखा एकदा केवळ तारखा म्हणून वाचाव्यात : १९४३, ३१ जानेवारी १९४६, १९५६, १९६४, ३१ जानेवारी १९६८, मे १९६८, १ जुलै १९७०, डिसेंबर १९७६, मे १९७८, मे १९८९, ऑगस्ट १९८९, जून आणि जुलै १९९२, ऑगस्ट १९९३. प्रत्येक तारखेच्या वेळी ते कोणत्या पदावर होते आणि जमिनीचे काय चालले होते, हे दोन्ही लेखात सापडले पाहिजे. एखाद्या तारखेपाशी केवळ पद सापडले आणि जमीन सापडली नाही, तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा.